कळण्याच्या भाकरीतला उडीद कुठे गेला? खानदेशातील मुलांच्या ताटाचा इतिहास

‘डॉक्टर, मुलाचे वजन वाढतेय. पोळी-भात बंद करू का? मोबाईलवर सगळे लो-कार्ब म्हणतात.’ जळगाव-धुळ्याकडच्या आई-बाबांकडून हा प्रश्न आता वारंवार येतो. त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. आपल्या भागातील मुलांच्या ताटात गेल्या सत्तर वर्षांत काय बदलले, हे आधी पाहिले तर उत्तर सोपे होते. म्हणून आज औषधांऐवजी थोडा इतिहास.

सुरुवातीला एक शब्द समजून घेऊ. कार्बोहायड्रेट, म्हणजेच कर्बोदके, यांत साखर आणि पिष्ट दोन्ही येतात. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, साबुदाणा, बटाटा, मैदा या सगळ्यांत मुख्यतः पिष्ट असते. पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. फरक पडतो तो ती किती वेगाने होते आणि तिच्या सोबतीला काय आहे, यामुळे.

जुन्या ताटात काय होते?

१८८० साली मुंबई सरकारने खानदेशचे गॅझेटियर छापले. तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. बाजरी आणि ज्वारी हीच या मुलखाची मुख्य धान्ये. तापीकाठच्या काळ्या जमिनीतली दादर ज्वारी आजही आपल्याकडे नाव घेऊन मागितली जाते.

आपली खासियत मात्र कळणा. ज्वारीत सालासकट काळे उडीद आणि मीठ घालून दळायचे आणि त्या पिठाची भाकरी थापायची. प्रमाण घरोघरी वेगळे. कुणी किलोभर ज्वारीला पाव किलो उडीद घेते, कुणी त्याहून जास्त. सोबत ठेचा, भरीत किंवा शेंगदाण्याची चटणी.

यामागचे शास्त्र समजून घ्या. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिने असतात, तर १०० ग्रॅम अख्ख्या उडदात सुमारे २२ ग्रॅम. पण प्रश्न नुसत्या आकड्यांचा नाही. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी पडतो आणि तो डाळींत भरपूर असतो. डाळींत मेथिओनिन कमी असते आणि ते धान्यात मिळते. दोन्ही एकत्र आले की मुलाच्या वाढीला लागणारी प्रथिने पूर्ण होतात. आजचे पोषणशास्त्र तीन भाग धान्याला एक भाग डाळ असे प्रमाण सुचवते. कळण्याचे पीठ त्याच्या बरेच जवळ जाते.

आणखी एक गोष्ट मला डॉक्टर म्हणून फार महत्त्वाची वाटते. वाटीतले वरण मूल बाजूला सारू शकते, पण पिठातला उडीद त्याला बाजूला काढता येत नाही. घरात वरण शिजो वा न शिजो, प्रत्येक घासाबरोबर डाळ पोटात जात होती.

म्हणून ‘जुने ते सोने’ असे मात्र म्हणू नका. ते ताट अनेकदा रिकामे असायचे. १८९९-१९०० च्या दुष्काळाने खानदेशलाही सोडले नाही. त्या काळी पोट भरणे हाच मोठा प्रश्न होता. जुन्या ताटातली चांगली गोष्ट घ्यायची, त्या काळची गरिबी नव्हे.

गहू घरात कसा आला?

पूर्वी गव्हाची पोळी सणासुदीला किंवा पाहुणा आला तर व्हायची. बट्टी, मांडे हे कार्यातले पदार्थ. १९५६ मध्ये भारताने अमेरिकेशी पी. एल. ४८० कायद्याखाली धान्याचा करार केला आणि परदेशी गहू रेशनवर येऊ लागला. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. पाठोपाठ हरितक्रांती आली. सरकार हमीभावाने मोठ्या प्रमाणात खरेदी करू लागले ते गहू आणि तांदूळ, त्यामुळे रेशन दुकानातही मुख्यतः तेच मिळू लागले.

ज्वारीतही संशोधन झाले. देशातील पहिले संकरित वाण, सी.एस.एच.-१, १९६४ मध्ये आले. ‘हायब्रीड’ने उत्पन्न वाढवले, पण पावसात सापडले की दाणे काळे पडायचे आणि चवीलाही लोक नाके मुरडायचे. मग १९७२ चा दुष्काळ आला. दुष्काळी कामांवर मिळालेली सुकडी आणि रेशनवरची लाल ‘मिलो’ ज्वारी तुमच्या घरातील आजी-आजोबांना विचारा, अजून आठवत असेल. या धान्याने माणसे जगवली, हे विसरता कामा नये. पण पोट भरणे म्हणजे धान्य देणे, हा विचार तेव्हापासून पक्का झाला. डाळ मागे राहिली.

शेतातही बदल झाला. कापूस, केळी, मका वाढले, ज्वारी घटली. खरिपात घरापुरता होणारा मूग-उडीद कमी झाला आणि डाळ ही विकत आणायची, म्हणजे मोजून वापरायची वस्तू झाली. बायकांच्या बाजूनेही पाहा. भाकरी थापायला वेळ आणि हात लागतो, बाजरीचे पीठ लवकर कडवट होते, आणि पोळी डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. शिवाय भाकरी गरिबाची आणि पोळी सुधारलेल्या घरची, ही समजूत होतीच. डब्यात भाकरी पाहून वर्गातली मुले हसली, की दुसऱ्या दिवशीपासून पोळी सुरू.

शाळेतली खिचडी

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारची शालेय पोषण आहार योजना सुरू झाली. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी मुलांना महिन्याला ३ किलो धान्य घरी दिले जायचे. आपल्याकडे तांदूळ. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या असा आदेश दिला आणि पुढे जिल्हा परिषदेच्या शाळांत खिचडीची पातेली चढली.

या खिचडीला नावे ठेवण्याआधी तिचे माप बघा. प्राथमिकच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. म्हणजे पाचास एक. कळण्याइतके नाही, पण डाळ ठरवून दिलेली आहे. ठरल्याप्रमाणे डाळ-भाजी पडली, तर ही खिचडी बिस्किटाच्या पुड्यापेक्षा कितीतरी चांगली.

मग बिघडले कुठे?

मधल्या खाण्यात. भूक लागली की पूर्वी हातात शिळी भाकरी-चटणी, भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे पडायचे. आज चहा-बिस्कीट, टोस्ट, कुरकुरे, नूडल्स आणि गोड पेय पडते. साध्या ग्लुकोज बिस्किटांत वजनाच्या साधारण चतुर्थांश साखर असते आणि उरलेल्यात मुख्यतः मैदा. कोल्ड्रिंकच्या ३०० मिली बाटलीत ३० ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे सात-आठ चहाचे चमचे. मुलांना दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असावी आणि दोन वर्षांखालील बाळाला ती देऊच नये.

परिणाम दिसू लागले आहेत. २०१६-१८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ५ ते १९ वयोगटातील सुमारे दर दहा मुलांमागे एकाच्या रक्तात मधुमेहपूर्व अवस्थेची लक्षणे आढळली. त्याच सर्वेक्षणात जवळपास चौथा हिस्सा मुले वयाच्या मानाने बारीक होती. म्हणजे बारीक मूल आणि वाढती साखर, दोन्ही एकाच देशात, कधी एकाच गल्लीत.

नुसती भाकरी आणली की झाले का?

नाही. २०२५ मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. प्रौढ भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. एका धान्याच्या जागी दुसरे धान्य घेतले आणि एकूण कर्बोदके तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. त्यांतील थोडा भाग डाळींच्या किंवा दुधाच्या प्रथिनांनी बदलला, तर धोका कमी दिसला. हा अभ्यास मोठ्यांचा आहे, पण दिशा मुलांनाही लागू आहे. ज्वारी चांगलीच, पण नुसती ज्वारी पुरत नाही. आपल्याला परत आणायचा आहे तो भाकरीतला उडीद.

मग कडक लो-कार्ब का नको?

१९२२ पूर्वी इन्सुलिन नव्हते. तेव्हा मधुमेही मुलांची कर्बोदके जवळजवळ तोडून त्यांना अर्धपोटी ठेवले जायचे. मुले काही महिने जास्त जगत, पण हाडांचा सापळा होऊन. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन मिळाले आणि तो काळ संपला. कीटो आहारही १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये अपस्मारासाठी, म्हणजे फिट्ससाठी सुचवला गेला. आजही काही मुलांना तो देतात, पण तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उपचार म्हणून. वाढत्या निरोगी मुलाला दिवसाला किमान १३० ग्रॅम कर्बोदके लागतात. पोळी-भात तोडून वजन उतरवणे हा मुलांसाठी मार्ग नव्हे.

घरी काय कराल?

१. आधी साखर आणि मैदा कमी करा. बिस्कीट, गोड पेय, पाकिटातला ज्यूस घरात आणूच नका. घरात असेल तर मूल मागणारच.

२. दळणात डाळ घाला. चार किलो ज्वारीला एक किलो उडीद. पोळीच खाणार असेल तर गव्हात हरभरा किंवा सोयाबीन थोडे मिसळा.

३. रोज एका जेवणात घट्ट डाळ किंवा उसळ हवीच. उडदाची डाळ, फुणके-कढी, पातोड्या, मटकी, चवळी हे सारे आपलेच आहे. चालत असेल तर अंडे द्या.

४. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबीर, पाव भाग डाळ-दही-अंडे, पाव भाग भाकरी-पोळी-भात.

५. मधल्या वेळेला शेंगदाणे, फुटाणे किंवा एक केळे. केळ्याचे वेफर्स म्हणजे केळे नव्हे. पाच वर्षांखालील मुलाला अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकू शकतात. कूट करून द्या.

६. मूल बारीक असेल तर भाकरी-भात कमी करू नका. डाळ, कूट, तेल-तूप वाढवा. सातपुड्यालगतच्या गावांत हाच प्रश्न मोठा आहे.

७. एकट्या मुलाला पथ्य लावू नका. सगळ्या घराने एकच जेवण जेवा.

मानेमागची कातडी काळी, जाड, मखमलीसारखी झाली असेल आणि घासून जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. मूल अचानक खूप पाणी पिऊ लागले, वारंवार लघवीला जाऊ लागले आणि वाळू लागले, तर त्याच दिवशी साखर तपासा. मुलाला आधीपासून मधुमेह असेल तर आहार बदलला म्हणून इन्सुलिन स्वतःहून कमी किंवा बंद करू नका.

पुढचे दळण टाकायला जाल तेव्हा पिशवीत ज्वारीबरोबर काळे उडीदही असू द्या. पहिले काही दिवस उडीद थोडा कमी घाला, म्हणजे मुलांच्या जिभेला आणि पोटालाही सवय होईल.