आहार, व्यायाम आणि ज्येष्ठांचे मनःस्वास्थ्य

निवृत्तीनंतर मन उदास राहू लागले, झोप कमी झाली, विसरायला होऊ लागले, की घरचे म्हणतात, "वय झालं, चालायचंच." पण दरवेळी दोष वयाचाच असतो असे नाही. पुष्कळदा कारण ताटात किंवा दिनक्रमात सापडते आणि त्यावर उपाय असतो.

ब-१२ जीवनसत्त्व
हे कमी पडले की थकवा, हातापायांना मुंग्या, विस्मरण, चिडचिड आणि नैराश्यही येऊ शकते. धान्ये, डाळी, भाज्यांतून ते मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. म्हणून शाकाहारी ज्येष्ठांनी विशेष जपावे. मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या काही गोळ्या अनेक वर्षे घेतल्यानेही ते कमी होऊ शकते. रक्त तपासून घ्यावे.

रोजचे जेवण
ऑस्ट्रेलियात नैराश्य असलेल्या ६७ जणांचा १२ आठवडे अभ्यास झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. भाज्या, फळे, कडधान्ये, मासे असा आहार घेणाऱ्या गटात सुमारे ३२ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले. नुसती गप्पांची सोबत मिळालेल्या गटात ८ टक्के. अभ्यास लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे. भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक हे आपले जुने जेवण त्याच वळणाचे आहे. आपल्या इंदूरात पोहे-जिलेबी आणि रात्रीचा सराफा सुटणार नाही. तो कधीमधीच असावा. उशिरा जड जेवल्याने झोप बिघडते आणि झोपेबरोबर मनही.

चालणे
अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ५० वर्षांवरील १५६ नैराश्यग्रस्तांवर झालेल्या अभ्यासात (१९९९) आठवड्यातून तीनदा व्यायाम करणाऱ्यांना १६ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांइतकाच फायदा दिसला. औषधाचा गुण मात्र लवकर आला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे. सोबतीने चालल्यास बोलणेही होते.

हे लक्षात ठेवा
चालू असलेले औषध स्वतःहून बंद करू नये. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. आणि घरच्यांनी "चालायचंच" म्हणण्याआधी एकदा शेजारी बसून विचारपूस करावी.