तुटलेली वायर

पाच वर्षांपूर्वी गंगापूर तालुक्यातले माझे मामा शेळ्यांसाठी पाला तोडताना कडुनिंबावरून पडले. मणका मोडला, कंबरेखालचं अंग लुळं पडलं. छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यात मामींनी मला विचारलं, "तू इंजिनिअर आहेस ना? तुटलेली वायर जोडता येते, मग नस का नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचायला लागलो, तेव्हा कळलं की मामींचा प्रश्न फार जुना आहे. सुमारे 3,600 वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन पपायरसात मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या माणसाची नोंद आहे. वैद्याचा शेरा असा, की या दुखण्यावर उपचार करायचे नाहीत.

वायर निर्जीव असते, नस जिवंत. मज्जारज्जूतला एकेक तंतू म्हणजे एका पेशीचा लांबवलेला हात. हातापायातली नस तुटली, तर असे तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वेगाने पुन्हा वाढू शकतात. मज्जारज्जूत मात्र ते अडतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन ई काहाल यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, की तुटलेली टोकं थोडी धडपडतात आणि मग थांबतात. प्रौढ माणसाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत तंतू पुन्हा उगवत नाहीत, असा निकाल त्यांनी दिला. हा कठोर निकाल जमल्यास भविष्यातल्या विज्ञानाने बदलावा, असंही त्यांनी लिहून ठेवलं. लोकांच्या लक्षात राहिला तो फक्त निकाल.

तो बदलायला सुरुवात झाली 1981 साली. मॉन्ट्रियलमध्ये सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांच्या पायातल्या नसेचा तुकडा पुलासारखा मज्जारज्जूला जोडला. त्या पुलातून तंतू सुमारे 3 सेंटिमीटर वाढले. म्हणजे वाढायची ताकद तंतूत होती, आजूबाजूची जागा त्यांना वाढू देत नव्हती. पुढे झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी तंतूंवरच्या मायलिन आवरणात वाढ रोखणारी प्रथिनं शोधली. त्यांतल्या एकाला 'नोगो' असं नाव पडलं. जखमेवर धरणारा व्रणही वाट अडवतो. आजवरचे बहुतेक प्रयोग हे अडथळे दूर करण्याचे आहेत. प्राण्यांमध्ये काही प्रमाणात यश आलं, पण माणसाला हमखास पुन्हा चालवेल असा उपचार अजून नाही.

याच इतिहासाची दुसरी वाट लुडविग गुटमान यांच्यापासून निघते. नाझी जर्मनीतून 1939 साली ते इंग्लंडला आले. ऑक्सफर्डमध्ये नसा किती वेगाने वाढतात, हे मोजणाऱ्या संशोधनात ते होते. 1944 साली स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात मज्जारज्जूला इजा झालेले सैनिक त्यांच्या हाती आले. हे रुग्ण बेडसोर आणि लघवीच्या संसर्गाने मरत. गुटमान यांनी नस जुळण्याची वाट पाहिली नाही. रुग्णांची कूस ठरावीक वेळाने बदलायला लावली, त्यांना कामाला आणि खेळाला लावलं. तिथल्या 1948 च्या स्पर्धेतून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं.

ही वाट आपल्याकडेही येते. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि 1972 साली हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक त्यांनी जिंकलं. पुण्याजवळ खडकीला अशा जखमी सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्रही आहे.

मामांच्या वाट्याला आधी तिसरीच वाट आली. 'स्टेम सेलने चालायला लागतील' असं सांगणारा एकजण भेटला. काही लाख सांगितले. मामी दोन एकर विकायला निघाल्या होत्या. मज्जारज्जूच्या इजेवर स्टेम सेल हा सिद्ध झालेला उपचार नाही, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमावलीतून मी त्यांना वाचून दाखवलं. त्या माझ्यावर महिनाभर रुसल्या.

जमीन राहिली. तिच्या उत्पन्नातून व्हीलचेअर आणि हवेची गादी आली. मामा आता घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान चालवतात. दर दिवाळीला मामी विचारतात, "निघालं का रे काही?"

मी म्हणतो, "अजून नाही, मामी. पण शोधतायत." आणि मग मामांची पाठ लाल झाली आहे का, ते आम्ही दोघं बघतो.