परिचारिकांच्या हाती डिजिटल साधने : जव्हार-मोखाड्याचा धडा

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे सह्याद्रीच्या उतारावर वसलेले आदिवासी तालुके. जव्हारपासून सुमारे २० किलोमीटरवरील दाभोसा हे गाव लेंडी नदीवरच्या धबधब्यामुळे पावसाळी पर्यटकांच्या परिचयाचे आहे. मात्र पर्यटकांना रम्य वाटणाऱ्या याच दऱ्या, घाटवळणे आणि विखुरलेले पाडे आरोग्यसेवेच्या वाटेत अडसर ठरतात. अशा भागात डॉक्टरांच्या आधी रुग्णापर्यंत पोहोचते ती आरोग्यसेविका. त्यामुळे डिजिटल तंत्रज्ञानाचा येथील उपयोग अखेर तिच्या प्रशिक्षणावरच अवलंबून राहतो.

पार्श्वभूमी

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी १९९२ मध्ये सारा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर राज्य शासनाने आदिवासी भागासाठी १९९५ मध्ये नवसंजीवन योजना सुरू केली. पुढे २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरीही २०१६ मध्ये मोखाडा तालुक्यातील कुपोषणाचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

आदिवासी व डोंगराळ भागात साधारणपणे ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. त्यापुढील उपचारांसाठी जव्हारच्या पतंगशहा रुग्णालयाकडे धाव घ्यावी लागते. वेळेत झालेले निदान आणि वेळेत झालेली रवानगी यांवरच अनेकदा माता व बालकाचे प्राण अवलंबून असतात.

साधनांची ओळख

आरोग्यसेविकेच्या जाडजूड नोंदवह्यांची जागा संगणकाने घेण्यास २००९ मध्ये माता व बालकांची नावनिहाय नोंद ठेवणारी राष्ट्रीय प्रणाली आल्यानंतर वेग आला. २०१६ मध्ये केंद्र सरकारने आरोग्यसेविकांसाठी ‘अनमोल’ हे टॅबवरील ॲप आणले. त्यात इंटरनेट नसतानाही नोंद करता येते आणि संपर्क मिळाल्यावर ती मुख्य प्रणालीत जाते. अंगणवाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ सुरू झाले. २०१९ मधील ‘ई-संजीवनी’मुळे उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी दूर असलेल्या डॉक्टरांशी दृक्‌श्राव्य संपर्क साधून रुग्णाविषयी सल्ला घेऊ शकतात.

तंत्रज्ञानाचा एक ठळक प्रयोग याच भूमीवर झाला. डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप या गावी ड्रोनद्वारे कोविड प्रतिबंधक लसीच्या ३०० मात्रा पाठविण्यात आल्या. रस्त्याने सुमारे ४० मिनिटे लागणारे अंतर ड्रोनने नऊ-दहा मिनिटांत कापले. मात्र लस उतरवून घेणे, तिचे तापमान राखणे, लोकांची समजूत घालणे आणि टोचणे ही कामे आरोग्य कर्मचाऱ्यांनीच करावयाची असतात.

शिक्षणात काय बदलले?

परिचर्या शिक्षणाचे नियमन १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेकडे सोपविण्यात आले होते. परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम अधिसूचित केला. सत्र व श्रेयांक पद्धतीबरोबरच आरोग्य-परिचर्या माहितीशास्त्र व तंत्रज्ञान हा स्वतंत्र विषय त्यात आला. संगणकीय रुग्णनोंदी, रुग्णालय माहिती प्रणाली आणि माहितीची गोपनीयता यांचा परिचय विद्यार्थ्यांना त्यातून होतो. प्रत्यक्ष रुग्णाला हात लावण्यापूर्वी मानवी प्रतिकृतीवर प्रसूती किंवा नवजात बालकाच्या श्वसनाचा सराव करण्यावरही भर देण्यात आला. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा नवा कायदा संमत केला.

परंतु यंत्र हाताळता येणे म्हणजे यंत्राने दाखविलेला आकडा समजणे नव्हे. गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय आणि ७ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तीव्र रक्तक्षय मानला जातो. रक्ताचा थेंब काढताना बोट जोराने दाबले, तर त्यात ऊतींतील द्रव मिसळून आकडा चुकू शकतो. दंडाच्या मानाने लहान पट्टा बांधला तर रक्तदाब वाढीव दिसतो. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरणे हे तीव्र कुपोषणाचे लक्षण. मोजपट्टी सैल धरल्यास हेच मूल निरोगी मुलांच्या यादीत जाते. चुकीचा आकडा टॅबमध्ये शिरला की तो बिनचूक भासू लागतो आणि वरच्या कार्यालयापर्यंत तसाच पोहोचतो. म्हणून मोजमापाचे जुने कौशल्य हाच डिजिटल शिक्षणाचाही पाया ठरतो.

स्थलांतर : खरी कसोटी

जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे शेतीचा हंगाम आटोपल्यावर वीटभट्ट्या आणि बांधकामांच्या कामासाठी भिवंडी, वसई, कल्याण परिसरात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. तिसऱ्या महिन्यात पाड्यावर नोंदविली गेलेली गर्भवती सहाव्या महिन्यात भट्टीवर असते. गावच्या यादीत ती गैरहजर आणि भट्टीजवळच्या केंद्रात अनोळखी ठरते. तिचा रक्तक्षय, आधीची अवघड प्रसूती, अपुरे राहिलेले लसीकरण यांची माहिती जेथे गरज असते, तेथेच मिळत नाही.

कागदी वही हे अंतर पार करू शकत नाही. संगणकीय नोंद करू शकते. या हेतूने राज्याच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतरितांचा मागोवा घेणारी प्रणाली विकसित केली. पालघरसह काही जिल्ह्यांतील प्रयोगानंतर २०२२ मध्ये ती राज्यभर नेण्याचे जाहीर करण्यात आले. त्याआधी २०२१ मध्ये देशपातळीवर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी आरोग्य क्रमांकही, रुग्णाच्या संमतीने, त्याच्या नोंदी एका ठिकाणाहून दुसरीकडे पोहोचविण्यासाठी आहे.

मर्यादा आणि अपेक्षा

डोंगराळ भागात भ्रमणध्वनीची लहर खंडित होते, पावसाळ्यात वीज जाते. वही आणि टॅब दोन्हींत तीच माहिती भरावी लागली, तर रुग्णासाठीचा वेळ नोंदींत खर्ची पडतो. नावांच्या साम्यामुळे एकाच स्त्रीच्या दोन नोंदी होण्याचा धोकाही असतो. संमती घेताना ती स्त्रीला कळेल अशा बोलीत घेणे आवश्यक असते.

हे सारे परिचर्येच्या अभ्यासक्रमात केवळ संगणक कक्षात शिकवून भागणार नाही. विद्यार्थिनींचा काही काळ आदिवासी उपकेंद्रात जायला हवा. लहर नसताना नोंद कशी राखावी, संशयास्पद आकडा पुन्हा कसा तपासावा, गाव सोडणाऱ्या मातेची माहिती पुढच्या केंद्राला कशी कळवावी, हे तेथेच शिकता येते. दाभोशासारख्या गावातून निघालेल्या गर्भवतीची नोंद तिच्या आधी वीटभट्टीजवळच्या आरोग्य केंद्रात पोहोचली, तरच या तंत्रज्ञानावरील खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.