हाताच्या मापाचे शस्त्र

मराठीतील चरित्रे, आठवणी आणि ऐतिहासिक कादंबऱ्या वाचताना एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानात आली आहे. तलवारीविषयी लिहिताना आपला लेखक पाते, मूठ, म्यान, वजन, बाक यांची दखल घेतो. फिरंग, धोप, पट्टा असे तिचे प्रकार वेगळे ओळखतो. विसाव्या शतकातील क्रांतिकारकांच्या हातातील छोट्या बंदुकीपाशी आला की मात्र तो 'पिस्तूल' किंवा 'रिव्हॉल्वर' यांपैकी जो शब्द आधी सुचेल तो लिहून पुढे जातो. एकाच प्रकरणात तीच वस्तू वर पिस्तूल असते आणि खाली रिव्हॉल्वर होते. वाचकालाही त्यात काही खटकत नाही. हा प्रश्न केवळ शब्दांच्या काटेकोरपणाचा असता तर त्यासाठी लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु ही दोन वेगळी यंत्रे आहेत आणि त्यांच्या घडणीतील फरकाचा रत्नागिरी जिल्ह्याच्या इतिहासाशी थेट संबंध पोहोचतो, असे आम्हांस वाटते.

शब्दांपासूनच सुरुवात करू. 'पिस्तूल' आणि 'काडतूस' हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले. 'बंदूक' अरबीतून आली, 'तमंचा' तुर्की-फारसीच्या वाटेने. कोकणात आजही 'ठासणीची बंदूक' हा शब्द जिवंत आहे. रानडुकरांपासून शेती राखण्यासाठी परवान्याने बाळगलेली ती बंदूक निवडणुका आल्या की पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. रिव्हॉल्वर आले तेव्हा त्याला जुन्या मराठीने 'सहाबारी' असे अर्थपूर्ण नाव दिले होते. सहा बार काढणारे ते सहाबारी. ते नाव टिकले असते तर आजचा घोटाळा झाला नसता. ते गेले आणि 'पिस्तूल' हा शब्द सगळ्याच छोट्या बंदुकांवर पसरला.

आता यंत्रांकडे वळू. रिव्हॉल्वरमध्ये गोळ्या एका फिरत्या नळकांड्यात असतात. ब्रिटिश सैन्याने १८८७ साली स्वीकारलेले .४५५ इंची वेब्ली हे त्याचे आपल्याकडील परिचित रूप. त्याचे वजन एक किलोच्या आसपास. ते मधोमध बिजागरीवर उघडे आणि उघडताच रिकामी काडतुसे बाहेर पडत. एखादे काडतूस फुसके निघाले तर घोडा पुन्हा दाबला की पुढचे समोर येई. धूळ आणि चिखल यांचाही त्याला फारसा उपद्रव होत नसे. फिरतीवरच्या अधिकाऱ्याला ते आवडे, याचे कारण हेच. त्याची उणीव एकच. सहा जाड गोळ्यांचे नळकांडे अंगरख्याखाली लपत नाही. पण अधिकाऱ्याला ते लपवायचे नव्हतेच. १८५८ च्या लढाईत डावा हात गमावलेल्या सॅम ब्राउन या अधिकाऱ्याने हिंदुस्थानातच जो खांद्यावरून जाणारा चामडी पट्टा रूढ केला, त्याला लटकलेले शस्त्र सर्वांना दिसावे हाच सत्तेचा हेतू होता.

दुसरे यंत्र अमेरिकेतील युटा प्रांतातल्या जॉन ब्राउनिंग याच्या कल्पनेतून आले आणि बेल्जियममध्ये लिएजजवळच्या एर्स्ताल येथील कारखान्यात तयार झाले. त्याच्या १९०० सालच्या नमुन्यात .३२ इंची सात गोळ्या मुठीतल्या चपट्या पेटीत एकावर एक बसत. वजन सुमारे ६२५ ग्रॅम, म्हणजे वेब्लीच्या निम्म्याहून थोडे अधिक. ब्राउनिंगने परतीची कमान नळीच्या वर बसवली, त्यामुळे नळी हाताच्या जवळ, खाली आली. गोळी सुटताना बसणारा धक्का सरळ तळहातात उतरे आणि तोंड वर उसळण्याचे प्रमाण कमी होई. नवख्या हातालाही ते वापरता येई. मोबदल्यात गोळी लहान झाली आणि गुंतागुंत वाढली: काडतूस अडकले तर ते सोडवायला दुसरा हात लागे. थोडक्यात, रिव्हॉल्वर उघडपणे बाळगणाऱ्याच्या सोयीचे होते आणि ब्राउनिंग खिशात बाळगणाऱ्याच्या. आम्ही या लेखाला 'हाताच्या मापाचे शस्त्र' म्हटले ते यासाठी की, शस्त्राचे माप घेताना कारागीर केवळ पंजा मोजत नाही, त्या हाताची समाजातली जागाही मोजतो.

हिंदुस्थानात ही जागा कायद्याने ठरवली होती. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा येथील माणसाला गुन्हा ठरला. लंडनमध्ये मात्र १९०९ साली मदनलाल धिंग्रा यांनी दुकानातून कोल्ट पिस्तूल विकत घेतले आणि टॉटनहॅम कोर्ट रस्त्यावरील नेमबाजीच्या जागेत पैसे भरून सराव केला. हे त्यांच्या खटल्यातील साक्षींतून नोंदले गेले आहे. एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना एकच वस्तू एकीकडे दुकानातला माल होती आणि दुसरीकडे फाशीकडे नेणारा पुरावा. या दोन टोकांना जोडणारी वाट समुद्रातून येत होती. त्या वाटेवर चपटेपणाला मोल होते.

त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात लंडनच्या इंडिया हाउसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन मुंबईला उतरला. त्याच्या पेटीला खोटा तळ होता आणि त्या तळाखाली विनायक दामोदर सावरकरांनी पाठवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले होती. वीस वेब्ली रिव्हॉल्वर अशा तळाखाली मावली असती का, हा प्रश्न इतिहासाच्या वर्गात कोणी विचारत नाही. आम्हांस तो विचारण्याजोगा वाटतो. पुढे जून महिन्यात बाबाराव सावरकरांना जन्मठेपेची शिक्षा झाली ती छापलेल्या कवितांसाठी. म्हणजे ज्या काळी कवितेला जन्मठेप होती, त्याच काळी पेटीच्या तळाखालून पिस्तुले आली. या दोन गोष्टी साहित्याच्या विद्यार्थ्याने एकत्र वाचल्या पाहिजेत.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. बदलून जाणारे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांच्या निरोपाचा तो प्रसंग. तेथे अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी त्यांच्यावर ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. कान्हेरे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यातले, शिक्षणासाठी औरंगाबादेत राहिलेले. वय अठराच्या आसपास. जॅक्सन संस्कृतचे अभ्यासक होते आणि मराठी नाटकाला आले होते. त्यांच्याविषयी नाशिकात आदर बाळगणारेही होते आणि बाबारावांच्या शिक्षेचा दोष त्यांच्या माथी मारणारेही. एका पारड्यात ही हत्या आणि दुसऱ्यात परकीय सत्तेचा जुलूम, असा तराजू मांडून आम्ही येथे निकाल देणार नाही. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना फाशी देण्यात आली.

पिस्तुलाचा प्रवास येथे थांबला नाही. अमीन माफीचा साक्षीदार झाला. पेटीतील वीस नगांचा माग लंडनपर्यंत पोहोचला आणि ३० जानेवारी १९११ रोजी जॅक्सन यांच्या हत्येस साहाय्य केल्याच्या आरोपावरून सावरकरांना दुसरी जन्मठेप झाली. कारखान्यात तयार होणाऱ्या शस्त्राचा हा दुसरा गुण. कोठे बनले, कोठे विकले याच्या नोंदी त्याच्या मागे राहतात. गावठी शस्त्रामागे तशा राहत नाहीत. अंदमानानंतर सावरकर १९२१ साली रत्नागिरीच्या तुरुंगात आले आणि १९२४ ते १९३७ ही तेरा वर्षे याच शहरात स्थानबद्ध राहिले. ज्या पिस्तुलाने खेडच्या तरुणाला ठाण्याच्या वधस्तंभाकडे नेले, त्याच पिस्तुलाच्या धाग्याने सावरकर रत्नागिरीला आले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

ही घटना एकाकीही नाही. १९०४ साली हेलसिंकीत फिनलंडच्या रशियन गव्हर्नर-जनरलवर याच बेल्जियन नमुन्यातून गोळ्या झाडल्या गेल्या. जॅक्सन प्रकरणाच्या दोनच महिने आधी, २६ ऑक्टोबर १९०९ रोजी, हार्बिनच्या रेल्वे स्थानकावर कोरियन देशभक्त आन जुंग-गुन यांनी जपानचे माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांना मारले तेही याच नमुन्याने. १९१४ च्या सारायेव्होतील शस्त्रही त्याच कारखान्याचे, पण नंतरच्या नमुन्याचे. जगातील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या हत्येच्या या शस्त्राचे वर्णनही अनेक पुस्तकांत बराच काळ चुकीचे छापले जात होते. तेव्हा शब्दांचा ढिलेपणा फक्त मराठीचा नाही. पण तो इतरांतही आढळतो म्हणून आपला दोष कमी होत नाही.

तुलनेला तिसरे उदाहरण देतो. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रोडा कंपनीच्या मालातून ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे क्रांतिकारकांनी पळवली. माउझर मोठे, एक किलोहून जड, मूठ केरसुणीच्या दांड्यासारखी. खिशात बाळगायला अत्यंत गैरसोयीचे. पण त्याची लाकडी पेटी मागे जोडली की ते खांद्याला लावून दूरवर नेम धरता येई. म्हणून नाट्यगृहात शिरणाऱ्या एकट्या माणसाच्या ते उपयोगाचे नव्हते; टोळीने मोर्चा धरून लढणाऱ्यांच्या उपयोगाचे होते. चंद्रशेखर आझादांचे .३२ इंची कोल्ट हेही मुळात ब्राउनिंगच्याच आराखड्याचे. चळवळीने कोणते शस्त्र निवडले यावरून ती एकाकी होती की संघटित, हे बऱ्याच अंशी कळते. 'पिस्तूल' हा एकच शब्द ही माहिती पुसून टाकतो.

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यानंतरही लष्करी मापांची शस्त्रे सामान्य परवानाधारकाला निषिद्ध राहिली. त्यामुळे .३२ हे माप आपल्याकडे नागरी परवान्याचे नेहमीचे माप झाले. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून जे हलके रिव्हॉल्वर बाजारात आणले, तेही .३२ चेच होते. त्याची जाहिरात वजनाच्या आणि पर्समध्ये मावण्याच्या भाषेत झाली. कोणाच्या हातासाठी आणि कोणाच्या भीतीसाठी शस्त्र घडते, हा प्रश्न अशा रीतीने अजून आपल्यासमोर आहे.

शेवटी साहित्याकडे येऊ. १९३८ च्या मुंबई साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सावरकरांनी तरुण लेखकांना लेखणी टाकून बंदूक हाती घेण्याचे आवाहन केले. त्या भाषणावर आजवर पुष्कळ वाद झाला. वाद करणाऱ्या दोन्ही पक्षांनी 'बंदूक' हा शब्द प्रतीक म्हणूनच वाचला. ज्याने वीस पिस्तुलांच्या पायी आयुष्याची सत्तावीस वर्षे बंदिवासात आणि स्थानबद्धतेत काढली, त्याच्या तोंडी हा शब्द निव्वळ प्रतीक असू शकत नाही, हे दोघांच्याही नजरेतून निसटले. त्या आवाहनाशी सहमत व्हावे की न व्हावे, हा पुढचा प्रश्न. त्याआधी तो शब्द त्याच्या वजनासह वाचावा लागतो.

आमचे म्हणणे एवढेच की, क्रांतिकारकांचे वाङ्मय शिकवताना शस्त्राला अलंकारात विरघळू देऊ नये. ते प्रतीक झाले की मारणारा तरुण प्रतीक होतो आणि मरणारा अधिकारीही प्रतीक होतो. अठरा वर्षांचे वय आणि अर्धवट राहिलेले नाटक दोन्ही दिसेनासे होते. ६२५ ग्रॅम वजनाची, खिशात मावणारी, शिकायला सोपी अशी ती वस्तू होती. ती तशी घडली नसती तर काय झाले असते, हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु ती तशी होती म्हणून काय घडले, हे सांगता येते; आणि निदान तेवढे तरी आपण अचूक शब्दांत सांगावे.