माकडांवरील प्रयोगांना विरोध करणारी चळवळ

संशोधनासाठी माकडे पकडणे, परदेशी पाठवणे व त्यांच्यावर प्रयोग करणे यांविरुद्धची चळवळ. भारतात तिचा विषय प्रामुख्याने लाल तोंडाचे ऱ्हीसस माकड. मराठवाड्यात मारुतीच्या पारावर दिसणारे काळ्या तोंडाचे वानर निराळे.

पोलिओच्या लशीचा विषाणू माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवला जाई. त्यासाठी १९५०च्या दशकात भारतातून वर्षाला लाखाहून अधिक माकडे बाहेर गेली. १९५५मध्ये सरकारने निर्यात थांबवली, पण लसनिर्मिती व वैद्यकीय संशोधन एवढ्यापुरतीच, अशी अट घालून लवकरच पुन्हा सुरू केली. ही अट मोडून अमेरिकी लष्कर माकडांवर किरणोत्साराचे प्रयोग करते, हे शर्ली मॅकग्रील यांच्या ‘इंटरनॅशनल प्रायमेट प्रोटेक्शन लीग’ने उघड केले. मोरारजी देसाई सरकारने १ एप्रिल १९७८पासून निर्यात बंद केली. चळवळीचे हे सर्वांत मोठे यश.

देशातल्या प्रयोगांबाबत मात्र तिला असे यश आले नाही. प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा (१९६०) प्रयोगांना मनाई करत नाही. उंदीर-सशांवर भागत असेल तर मोठा प्राणी टाळा, असे सांगतो. देखरेखीला केंद्राची समिती आहे.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण २०२०चे. कोव्हॅक्सिन या कोव्हिडवरील लशीच्या चाचणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला ऱ्हीसस माकडे हवी होती. टाळेबंदीत माणसांकडून मिळणारे खाणे थांबल्याने ती रानात आत निघून गेली होती. वनखात्याने जंगले पालथी घातली, तेव्हा ती नागपूरकडे सापडली. पाच-पाचांच्या चार गटांत वीस माकडांवर चाचणी झाली. लस न दिलेल्या गटात न्यूमोनिया आढळला, लस दिलेल्यांत नाही. साथीच्या भयात विरोधाचा आवाज क्षीणच राहिला. अशा वेळी माकडाची बाजू घेणे म्हणजे माणसाच्या विरुद्ध बोलणे, असाच अर्थ लावला जातो; चळवळीची खरी अडचण हीच आहे.

मार्च २०२३मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांविना करायच्या चाचण्यांना मान्यता मिळाली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी व संगणकी पद्धती हे त्यांतले पर्याय. पण त्याच सुमारास, १ एप्रिल २०२३पासून, ऱ्हीसस माकड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींतून वगळले गेले. त्यामुळे ते पकडायला त्या कायद्याखालची परवानगी लागेनाशी झाली.