काचेच्या तारेची वाट

दादरा-नगर हवेलीचा अर्वाचीन इतिहास हा एका अर्थी वाटेचा इतिहास आहे. दमणहून सिल्व्हासाकडे येणाऱ्या पोर्तुगीज अधिकाऱ्यास भारतीय मुलूख ओलांडल्यावाचून गत्यंतर नसे. जुलै १९५४ मध्ये भारताने ही वाट बंद केली. २२ जुलैला दादरा व २ ऑगस्टला सिल्व्हासा मुक्त झाले. खानवेलच्या बाजूने मागे सरलेली पोर्तुगीज पोलिसांची तुकडी ११ ऑगस्टला शरण आली. पुढे पोर्तुगालने मार्गाधिकाराचा दावा हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाखल केला. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांच्यापुरता असा हक्क १९५४ मध्ये होता, सैन्य व शस्त्रास्त्रे यांच्यासाठी नव्हता आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असा निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला.

हा इतिहास आपल्या घराघरांत सांगितला जातो. त्याच १९५४ साली दुसऱ्या एका वाटेचा आरंभ झाला, तो मात्र आपल्या स्मरणात नाही. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर संशोधन करीत होते. बारीक काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेता येते, हे दाखविणारा त्यांचा निबंध जानेवारी १९५४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

प्रकाश सरळ रेषेत जातो, मग वळणाच्या तंतूतून तो बाहेर का पडत नाही? तंतूच्या मध्यभागी गाभा असतो व त्याभोवती किंचित कमी अपवर्तनांकाच्या काचेचे वेष्टन असते. गाभ्यातील किरण वेष्टनाच्या सीमेवर तिरकस आदळला की पूर्णपणे आत परावर्तित होतो. असे पुन्हा पुन्हा होत तो दूरवर जातो. लांब पल्ल्याच्या तंतूचा गाभा मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा आणि वेष्टनासह जाडी मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी असते. आपले बोलणे, पत्र वा चित्र प्रथम शून्य व एक या दोन अंकांत मांडले जाते. लेसरचा प्रकाश त्यानुसार सेकंदाला अब्जावधी वेळा बदलतो. पलीकडचा ग्राहक त्या स्पंदांचे पुन्हा विद्युतसंकेत करतो. निरनिराळ्या तरंगलांबींचे अनेक प्रकाश एकाच तंतूतून एकाच वेळी धाडता येतात. ते एकमेकांत मिसळून जात नाहीत.

खरी अडचण काचेच्या शुद्धतेची होती. तत्कालीन काचेत प्रकाश काही मीटरांतच विरून जाई. हा दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्ध द्रव्यांचा आहे, असे १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी दाखविले. एक किलोमीटरनंतर प्रकाशाचा शंभरावा भाग जरी उरला तरी दूरसंचार साधेल, असा त्यांचा हिशेब होता. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी ती मर्यादा ओलांडली. आजच्या उत्तम तंतूत शंभर किलोमीटरनंतरही तेवढा प्रकाश शिल्लक राहतो. काओ यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कपानी यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण.

भारतात स्थानिक टेलिफोन केंद्रे जोडणारी पहिली प्रकाशतंतू वाहिनी १९७९ मध्ये पुण्यात सुरू झाली. पुढे हा उद्योग मराठी मुलखातच रुजला. स्टरलाइट टेक्नॉलॉजीज या कंपनीत काचतंतू छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथे ओढला जातो, आणि त्याची केबल तयार होते ती आपल्या सिल्व्हासा परिसरात, मधुबन धरणाच्या रस्त्यावरील राखोलीत. केसासारखे तंतू रंगांनी ओळखता यावेत असे रंगवून नळ्यांत ठेवणे, ताण सोसणाऱ्या धाग्यांनी त्यांना आधार देणे, ओल शिरू न देणे आणि वरून जाड प्लॅस्टिकचे कवच चढविणे, हे केबल बनविणाऱ्यांचे काम. ज्या प्रदेशाची वाट एकदा जागतिक न्यायासनापुढे गेली, तेथे आज इतरांच्या वाटा घडविल्या जातात.

या घटनेची नोंद आपण इतिहास म्हणून केलेली नाही. आपले लेखन बहुधा ११ ऑगस्ट १९६१ च्या विलीनीकरणापाशी थांबते. त्यानंतर करसवलतींमुळे आलेले कारखाने, परप्रांतांतून आलेले कामगार, शेत सोडून यंत्रापुढे उभे राहिलेले वारली व कोकणा तरुण यांच्या आठवणी कोणी लिहून ठेवल्या? मुक्तिलढ्याचे साक्षीदार एकेक करून गेले, तेव्हा आपण हळहळलो. पहिल्या पिढीतील कामगारही आता वृद्ध झाले आहेत. त्यांना आजच विचारावयास हवे.

विचारावयाची दुसरी गोष्ट दुधनीची. सिल्व्हासापासून सुमारे ४० किलोमीटरचे हे अंतर तंतूतील प्रकाश सेकंदाच्या पाच-हजाराव्या भागात कापतो. मधुबनच्या जलाशयाने या भागातील जमिनी बुडविल्या. तेथील लोकांनी इतरांच्या पाण्यासाठी आपली वाट सोडली. राखोलीची केबल जगभर जात असताना डोंगरातल्या पाड्यावरील मुलाला तिचा लाभ किती होतो, याची मोजदाद पाड्यागणिक व्हावयास हवी. मार्गाचा हक्क सामान्य माणसाचा, हे तत्त्व हेगच्या निकालातही होते. ते येथे किती पाळले गेले, हे नोंदविणे आपल्याच मंडळाला सहज करता येईल.