कोयत्याची धार

गळिताचा हंगाम सुरू झाला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्या दिसू लागतात. फडात माणसे किती, असे विचारले तर मुकादम माणसांचा आकडा सांगत नाही. 'वीस कोयते आहेत,' असे तो म्हणतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. उचल कोयत्यावर, हिशेबही कोयत्यावर. ज्या हत्याराने माणसाच्या नावाची जागा घेतली, ते कोणत्या पोलादाचे असते आणि त्याची धार किती टिकते, याचा इतिहास आज थोडा पाहू.

आधी पोलाद म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. लोखंड आणि पोलाद यांत मुख्य फरक कर्बाचा, म्हणजे कोळशाच्या अंशाचा. नरम लोखंडात कर्ब शेकडा पाव भागाहूनही कमी असतो. असे लोखंड कितीदा तापवून पाण्यात बुडवा, त्याला धार धरण्याइतका कडकपणा येत नाही. कर्ब शेकडा अर्ध्या भागाच्या आसपास गेला की मात्र तेच पाणी गुण दाखवते. लाल तापलेले पाते विझवले की ते इतके कडक होते की घाव बसताच तडकावे. म्हणून लोहार ते पुन्हा थोडे तापवून कडकपणा जरा उतरवतो. या साऱ्या खटाटोपाला आपल्याकडे दोनच शब्द आहेत, 'पाणी देणे'. फार कडक पाते लवकर झिजत नाही, पण त्याचे टवके उडतात. फार नरम पाते तुटत नाही, पण त्याची धार वळते. धारेचा सगळा झगडा या दोहोंमधला आहे.

जुन्या काळी आपल्या भागाला लोखंड काही फार लांबून येत नसे. महाबळेश्वरच्या डोंगरात धावड नावाची जमात जांभ्या दगडाच्या खनिजातून कोळशाच्या भट्टीत लोखंड काढीत असे. एकोणिसाव्या शतकात विलायती लोखंड स्वस्त झाले, रानातल्या कोळशावर निर्बंध आले, आणि धावडांच्या भट्ट्या थंडावल्या. गावचा लोहार बलुतेदार. सुगीला धान्य घ्यायचे आणि वर्षभर फाळ, कुऱ्हाडी, विळे शेवटून द्यायचे. पोलाद महाग, म्हणून तो हत्याराचे अंग नरम लोखंडाचे ठेवी आणि धारेपुरती पोलादाची पट्टी जोडून घेई. ही काटकसर होती खरी, पण त्यात शहाणपणही होते. अंग घाव सोसते, धार कापते.

पोलादांची तुलना करण्याचा एक जुना प्रयोग आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. १७९४ च्या सुमारास मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी इकडच्या पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. तिकडे त्याला 'वूट्झ' म्हणत; कानडीतल्या 'उक्कु' शब्दाचे हे वेडेवाकडे रूप, असे बहुतेक मानतात. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे या पोलादावर निबंध वाचला. त्याच्या मथळ्यात हे पोलाद मुंबईला होते असे म्हटले आहे, पण त्याचे खरे आगर म्हैसूर, सेलम आणि तेलंगण. मातीच्या मुशीत लोखंड आणि लाकूड-पाला घालून तोंड लिंपून ते वितळवीत. त्यात कर्ब शेकडा सव्वा-दीड भागापर्यंत, कधी त्याहूनही जास्त असे. लंडनचे चाकू-सुऱ्या करणारे कारागीर जेम्स स्टोडार्ट यांनी हे पोलाद युरोपातल्या उत्तम पोलादाशी ताडून पाहिले आणि आपल्या बारीक हत्यारांसाठी आपले पोलाद पसंत केले. पुढे १८२० साली याच स्टोडार्टनी मायकेल फॅरडे यांच्याबरोबर पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग प्रसिद्ध केले. विजेच्या शोधांनी गाजलेले हे फॅरडे लोहाराचे पोर होते, हे गुरुजींनी वर्गात जरूर सांगावे.

मग प्रश्न पडतो, असे नामांकित पोलाद कोयत्याला वापरले असते तर? माझे मत, ते फुकट गेले असते. लेखणी तासायचा चाकू आणि उसाचा कोयता यांचे काम एक नाही. चाकूला दगडाशी गाठ नाही. कोयत्याला रोज आहे.

ऊस इकडे मोठ्या प्रमाणावर आला तो पाण्यामागून. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि पुढे भाटघरच्या धरणाने त्याला साठ्याचे पाणी दिले. तेव्हा ऊस जाई गुऱ्हाळाला. चरक जेवढा पिळील तेवढाच तोडायचा. कोयता बोथट झाला तर घडीभर बसून निसण्यावर घासायला सवड होती. १९३० नंतरच्या दशकात वालचंदनगरचा कारखाना उभा राहिला, आणि १९५० नंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने निघाले. कारखाना रात्रंदिवस चालतो. तोडणीची मजुरी टनावर आली. आता बोथट कोयता म्हणजे थेट मजुरीला कात्री. एका घावात पडणारा ऊस दोन घाव मागू लागला की संध्याकाळी मनगट सुजते आणि मोळ्याही कमी भरतात.

यात मालकाचेही हित गुंतले आहे. उसात साखर बुडाकडे जास्त, म्हणून ऊस जमिनीलगत तोडायचा. बोथट कोयत्याने बुडखा चिरतो, फाटतो, आणि पुढचा खोडवा नीट फुटत नाही. पण जमिनीलगत तोडायचा म्हणजे माती, वाळू, खडा आलाच. ही धारेची पहिली वैरीण. दुसरी उसाच्या अंगातच आहे. उसात, ज्वारीत, गवतात गारेचा बारीक अंश असतो. उसाचे पान हाताला कापते ते त्यामुळेच. कोयता मातीवर न आपटताही पाचट काढता काढता झिजतो.

हे उत्तर गावोगावच्या लोहारांनी आणि बाजाराच्या गावी पाल ठोकणाऱ्या घिसाड्यांनी शोधले ते भंगारात. मालमोटारी वाढल्या तसे त्यांच्या कमानींचे मोडके पाटे बाजारात येऊ लागले. पाट्याच्या पोलादात कर्ब शेकडा अर्ध्या-पाऊण भागाच्या घरात. ते धार धरण्याइतके कडक करता येते आणि मुळात हादरे सोसण्यासाठीच केलेले असते. घिसाड्याची बायको घण मारते, नवरा सांडशीने पाते फिरवतो, आणि जुन्या पाट्याचा कोयता होतो. मात्र घडताना पाटा लाल केला की कारखान्याने दिलेले पाणी गेलेच; लोहाराने ते नव्याने दिले पाहिजे. घासून उजळ केलेले पाते तापत गेले की त्यावर रंग चढतात: आधी कडब्यासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. वस्तऱ्याचे काम पिवळ्यावर थांबते, कमानीचे निळ्यावर. कोयत्याची जागा या दोहोंच्या मधे. ती नजर ज्याला आहे त्याच्या पालापुढे गर्दी असते. विजेच्या सहाणेवर घाईने धार लावताना पाते निळे पडले तर तिथले पाणी उतरले असे समजा.

जुन्या कानशीचेही कोयते-सुऱ्या करतात. कानशीत कर्ब शेकडा एक भागाच्या पुढे. घरात भाजीला ती सुरी कमानपाट्याहून जास्त दिवस धार धरील. फडात खड्यावर बसली की टवका. आणि चकचकीत न गंजणारी सुरी? १९१३ साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी ते पोलाद केले. त्यात शेकडा तेरा भागांच्या आसपास क्रोमियम असते. आरंभी या सुऱ्यांना 'न कापणारी सुरी' म्हणून हिणवीत. पुढे त्यांना पाणी देण्याची रीत सुधारली. तरी स्वस्तातली सुरी गंजत नाही एवढ्यावरच तिची परीक्षा करू नये.

शेफील्डला आता धार मोजायचे यंत्र आहे. शेकडा पाच भाग गारेची पूड घातलेला कागद सुमारे पाच किलोच्या दाबाखाली पात्याने पुन्हा पुन्हा कापतात आणि एकूण किती कागद कापला गेला ते मोजतात. गार घातलेला कागद म्हणजे एका परीने आपला ऊसच झाला.

शाळेत हे सोप्या रीतीने करता येईल. काट्यावर लाकडी फळी ठेवा, तिच्यावर सुतळी ताणून बांधा, आणि पाते सरळ खाली दाबून सुतळी तुटताना किती वजन दिसते ते लिहा. मग त्याच पात्याने पन्नास वेळा सुतळी कापा आणि पुन्हा मोजा. कमानपाट्याचे, कानशीचे आणि बाजारचे चकचकीत, अशी तीन पाती घ्या; तिन्हींची धार एकाच निसण्यावर, एकाच कोनात लावलेली असावी, नाही तर तुलना पोलादाची न होता हाताची होईल. पाते गुरुजींनीच धरावे, मुलांनी आकडे लिहावेत.

अलीकडे ऊस तोडणारी यंत्रेही आली आहेत. त्यांच्या बुडाशी फिरत्या तबकड्यांना पोलादी पाती बोल्टने बसवलेली असतात. एक कड झिजली की पाते उलटून लावतात, सगळ्या कडा संपल्या की बदलतात. माती त्यांनाही सोडत नाही.